कॅशियरची भरती : जाणारीच माणसं आपण का निवडतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नागपुरात ९ शाखांची नागरी सहकारी बँक, काउंटरवर १४ कॅशियर, आणि त्यातले ८ दीड वर्षात सोडून गेले. लेखी परीक्षा घेता, संचालकांसमोर मुलाखत होते, कागदपत्रं तपासता, तरी माणूस टिकत नाही. आता एखादी मानसशास्त्रीय चाचणी विकत घ्यावी का आणि दोन वर्षांचा बाँड, म्हणजे त्याआधी सोडल्यास पैसे भरण्याची लेखी हमी, लिहून घ्यावा का, असं विचारताय. जाहिरात पुढच्या आठवड्यात द्यायची आहे.

आधी मी कुठून बोलते आहे ते सांगते. १९८७ साली मी इतवारीतल्या एका शाखेत कॅशियर म्हणून लागले. ११ वर्षं काउंटरवर काढली, मग सेवकवर्ग विभागात गेले आणि तिथूनच निवृत्त झाले. आता लहान बँका आणि पतसंस्थांना भरतीच्या कामात मदत करते. म्हणजे माझं सांगणं लहान सहकारी संस्थेच्या मापाचं आहे. तुमचा पगार किती, अंतिम निवड खरोखर कोण करतं, शाखा शहरात आहेत की काटोल-उमरेडकडे, यावर बरंच अवलंबून आहे. ते तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे तिथे तुमचं तुम्हाला जुळवून घ्यावं लागेल.

चाचणीचा विचार करण्याआधी त्या ८ जणांच्या राजीनाम्यांची फाईल काढा. कारणाच्या रकान्यात सगळ्यांनी 'वैयक्तिक' लिहिलं असणार, ते वाचूच नका. तारखा वाचा. रुजू कधी झाले, गेले कधी, आणि जाण्याच्या महिना-दीड महिना आधी त्यांच्या काउंटरवर काय घडलं होतं. मी हे जिथे जिथे केलं तिथे ढीग वेगवेगळे पडले. पहिल्या तीन महिन्यांत गेलेले, म्हणजे काम काय आहे हे ज्यांना आल्यावर कळलं. एप्रिल ते जूनमध्ये गेलेले, म्हणजे दुसरीकडे नंबर लागलेले. कॅश कमी भरल्यानंतर, म्हणजे संध्याकाळी मोजताना हिशेबापेक्षा रोख कमी निघाल्यानंतर, गेलेले. आणि उरलेले लग्न, बदली, आईचं आजारपण, रोजचा प्रवास अशा कारणांनी गेलेले. निवडीची पद्धत सुधारून पहिले दोन ढीग कमी होतात. तिसरा ढीग तुमच्या बँकेच्या आतला आहे, त्याला कुठलीही चाचणी पुरी पडणार नाही. चौथ्याचं फार मनावर घेऊ नका.

आता दुसऱ्या ढिगाबद्दल, कारण तुमच्या प्रश्नाचं मूळ मला तिथे दिसतं. तुमची लेखी परीक्षा कशी आहे? 'तर्कशक्ती, अंकगणित, इंग्रजी, संगणक आणि बँकिंग, १०० प्रश्न' असं तुम्ही लिहिलंय. ही तर आयबीपीएसच्या, म्हणजे सरकारी बँकांसाठी भरती परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या, क्लार्क परीक्षेची नक्कल झाली. या परीक्षेत पहिला कोण येणार? जो दोन वर्षं क्लास लावून तीच तयारी करतोय तो. तुम्ही त्याला पहिला नंबर देता, तो येतो, आठ महिने तुमच्याकडे पगार घेत अभ्यास करतो आणि राष्ट्रीयीकृत बँकेची यादी लागली की पेढे देऊन जातो. त्यात त्याचं काहीच चुकत नाही. चाळणी तुम्हीच अशी लावली आहे की तिच्यातून नेमके जाणारेच वर येतात. गुणवत्ता यादीतले वरचे पाच घेतले म्हणून संचालक मंडळ खूश, आणि पुढच्या जूनमध्ये त्यातले तीन काउंटर रिकामे.

मग 'तू दुसऱ्या परीक्षा देतोस का' असं मुलाखतीत विचारायचं? विचारून पाहा. सगळे 'नाही सर' म्हणतील. ज्या प्रश्नाचं योग्य उत्तर उमेदवाराला दारातच माहीत असतं, तो विचारून आपण फक्त खोटं बोलायला भाग पाडतो. त्यापेक्षा शोध वेगळ्या जागी घ्या. आयबीपीएस आणि स्टेट बँकेच्या क्लार्क पदासाठी खुल्या गटाची वयोमर्यादा २८ आहे, राखीव गटांना सवलत आहे. तुमच्या जाहिरातीतही '२८ पर्यंत' असंच छापलेलं आहे, बहुधा तिथूनच उचललेलं. ती मर्यादा ३५ किंवा ४० करा. तुमच्या सेवानियमांत बदल लागेल, संचालक मंडळाचा ठराव लागेल, पण तेवढ्या एका ओळीने अर्ज करणाऱ्यांचा चेहरामोहरा बदलतो. मुलं शाळेत जायला लागल्यावर पुन्हा कामाला निघालेल्या बी.कॉम. झालेल्या बाया, मेडिकल स्टोअरच्या गल्ल्यावर सहा वर्षं बसलेला, किराणा ओळीत दिवाणजीच्या हाताखाली वही लिहिलेला, तुमच्यासाठी दारोदार रोजची बचत गोळा करणारा पिग्मी एजंट. ही माणसं तर्कशक्तीच्या पेपरात मार खातात. पण दुपारी बारा वाजता काउंटरपुढे वीस जण उभे असताना त्यांचा हात थरथरत नाही.

हे मी २०१६ साली डोळ्यांनी पाहिलं. ८ नोव्हेंबरच्या नोटाबंदीनंतर रांगा रस्त्यापर्यंत गेल्या होत्या. नोटा बदलून देण्याची मर्यादा आधी ४,०००, मग ४,५००, मग २,०००, रोज नवा कागद. आमच्या तीन शाखांमध्ये लेखी परीक्षेत अव्वल आलेली दोन मुलं तेव्हा आजारी रजेवर गेली. आणि जिची निवड करताना एक संचालक 'हिला इंग्रजी येत नाही' म्हणून नाक मुरडत होते, जी आधी मामाच्या मेडिकलमध्ये बसायची, तिचा काउंटर त्या दिवसांत रोज संध्याकाळी पैशापैशाने जुळला. दोन-तीन माणसांवरून नियम काढू नये हे मला कळतं. पण माझं डोकं तिथून या दिशेला वळलं, हे खरं.

तर मग तपासायचं काय? त्यासाठी आधी कॅशियरचं काम म्हणजे काय ते स्वतःशी प्रामाणिकपणे मांडा. जाहिरातीत लिहिता 'रोख व्यवहार हाताळणे व ग्राहक सेवा'. प्रत्यक्षात काय असतं? सकाळी दुसऱ्या किल्लीवाल्यासोबत तिजोरी उघडायची, कॅश मोजून घ्यायची, सही करायची. मग कळमन्याच्या बाजारातून येणारा भरणा. भाजीवाल्यांच्या ओल्या, चुरगळलेल्या दहा-वीसच्या नोटा, प्रत्येक पॅकेटमध्ये एखादी चिकटवलेली. कोणी दहाची नाणी घेऊन येतो, तर कोणी तीच नाणी 'चालत नाहीत' म्हणून परत ढकलतो. दहाच्या नाण्याचे १४ प्रकार आहेत आणि सगळे चलनात आहेत, असं रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये जाहीर केलं, पण काउंटरवर ते दर आठवड्याला नव्याने समजावावं लागतं. महिन्याच्या सुरुवातीला पेन्शनवाले काकाजी. त्यांना नव्या नोटा हव्यात, शिवाय दोन शब्द बोलायलाही हवं. मागे कोणीतरी 'लवकर करा न जी मॅडम, ऑटो उभा आहे' म्हणतंय. ठरलेल्या मर्यादेच्या वर रोख भरली की पॅन मागायचा, आणि ज्याच्याकडे मागाल तो 'मी पंधरा वर्षांचा खातेदार आहे' म्हणून रागावणार. खोटी नोट सापडली तर ती परत द्यायची नाही, शिक्का मारून ठेवून घ्यायची, पावती द्यायची, खात्यात जमा करायची नाही. एका व्यवहारात चारपर्यंत सापडल्या तर महिन्याच्या शेवटी पोलिसांना एकत्रित अहवाल, पाच किंवा जास्त असतील तर थेट एफआयआर. हे सगळं मे महिन्यात, बाहेर ४५ अंश, आणि केबिनमधला पंखा नोटा उडतात म्हणून बंद. मग संध्याकाळी टॅली, म्हणजे हातातली रोख आणि दिवसाचा हिशेब जुळवणं.

यातून तीन गोष्टी निघतात. आकड्यांकडे बारीक लक्ष, मध्येच कोणी तोडलं तरी धागा परत धरता येणं, आणि समोरचा चिडला असताना नियम न सोडता नम्र राहणं. फाटक्या नोटेचा किती भाग असला तर पूर्ण पैसे आणि किती असला तर अर्धे, हे दुपारभरात शिकवता येतं. शिकवता येणाऱ्या गोष्टींची परीक्षा घेण्यात वेळ घालवू नका. या तीन गोष्टी शिकवायला फार जड जातात, म्हणून त्या आधी पाहायच्या.

पहिलीसाठी विकतची चाचणी नको. दोन स्तंभांत आकड्यांच्या जोड्या छापा: ४७१९०३८ आणि ४७१९०८३. सारख्या असतील तर खूण, नसतील तर फुली. अशा दीडशे जोड्या, वेळ मुद्दाम अपुरा. निम्म्या नावांच्या ठेवा: 'वानखडे' आणि 'वानखेडे'. नागपुरात ही दोन्ही आडनावं सर्रास आहेत आणि चुकीच्या खात्यात भरणा जाण्याचं ते एक खरं कारण आहे. ही कल्पना जुनीच. अमेरिकेत १९३० च्या दशकापासून ती कारकुनी भरतीत वापरली गेली, पुढे मिनेसोटा क्लेरिकल टेस्ट या नावाने. गुण देताना चुका वजा करा. दीडशेपैकी दीडशे घाईने सोडवून वीस चुका करणाऱ्यापेक्षा शंभर सोडवून एकही चूक न करणारा मला जास्त हवा.

दुसरीसाठी मी 'खोटा काउंटर' मांडते. हाच माझ्या सगळ्या पद्धतीचा कणा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. नोटेच्या आकाराचे कागद कापून घ्यायचे, त्यावर रकमा छापायच्या, शंभर-शंभरची पॅकेटं करायची, वेगवेगळ्या खातेदारांची म्हणून. त्यातल्या एकात ९९, एकात १०१, आणि एकात शंभरच्या पॅकेटमध्ये मधोमध एक पन्नासचा. सोबत पाच भरणा स्लिपा. दोन बरोबर, एकीत आकडा आणि अक्षरी रक्कम जुळत नाही, एकीत नोटांच्या तपशिलाची बेरीज चुकलेली, एकीवर सही नाही. उमेदवाराला मोजण्याचं यंत्र द्यायचं नाही. वीस मिनिटं. आणि तो मोजत असताना, साधारण साठ-सत्तरवर आला की, तुमच्यातला एकजण खातेदार बनून खिडकीशी येतो: 'मॅडम, माझं पासबुक भरून द्या ना, दोनच मिनिटं.'

इथे काय पाहायचं? बहुतेक परीक्षक पाहतात की उमेदवार हसून बोलला की नाही. मी त्याच्या हाताकडे पाहते. काही जण उत्तर देतात आणि 'सत्तर असेल' असं धरून पुढे मोजतात. काही जण चिडतात. आणि काही जण हातातला गठ्ठा खाली ठेवतात, 'एक मिनिट काका, एवढं मोजून होऊ द्या' म्हणतात, आणि पहिल्यापासून मोजतात. हे शेवटचे माझे. कॅश कमी भरण्याचं मूळ बहुधा या अंदाजाने पुढे मोजण्यात असतं, आणि ही सवय फार लवकर दिसते. ९९ चं पॅकेट सापडलं नाही तरी मी फार गुण कापत नाही, पहिल्यांदा हाताळतोय माणूस. पण सापडल्यावर त्याने काय केलं? गुपचूप दुसऱ्या पॅकेटमधला जास्तीचा कागद काढून इकडे घातला आणि दोन्ही शंभर केली, तर तो मोजण्यात हुशार आहे पण माझ्या तिजोरीजवळ नको. पॅकेट दोन वेगळ्या खातेदारांची होती, हे तो विसरला. ज्याने 'हे कमी आहे, हे जास्त आहे' असं दोन्ही बाजूला ठेवून सांगितलं, त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल मला कुठल्याही प्रश्नावलीपेक्षा जास्त कळलं.

तिसरीसाठी मुलाखत. सहकारी बँकांच्या मुलाखती आपल्याला माहीत आहेत: 'कुठले तुम्ही? अच्छा, सावनेरचे! मग अमुक तुमचे कोण?' आणि शेवटी 'माणूस चेहऱ्यावरून कळतो हो आम्हाला'. नाही कळत. २०२२ साली सॅकेट या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी निवडपद्धतींवरच्या जुन्या अभ्यासांची पुन्हा तपासणी करून आकडे मांडले. ० म्हणजे कामगिरीशी काही संबंध नाही, १ म्हणजे तंतोतंत, अशा मोजपट्टीवर ठरावीक प्रश्नांची आणि ठरावीक गुणांची मुलाखत ०.४२ वर येते, मोकळ्या गप्पांची मुलाखत ०.१९ वर, आणि नुसती अनुभवाची वर्षं ०.०७ वर. प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणं ०.३३. हे आकडे काम किती चांगलं होईल याचे आहेत, माणूस किती टिकेल याचे नाहीत, एवढं भान ठेवा. तरी संचालकांपुढे ठेवायला चांगले आहेत.

ठरावीक म्हणजे किती कठीण? अजिबात नाही. सहा प्रश्न ठरवा, सगळ्यांना तेच, त्याच क्रमाने. प्रत्येक परीक्षकाने स्वतःच्या कागदावर गुण लिहायचे आणि लिहून झाल्यावरच एकमेकांशी बोलायचं. हे शेवटचं पाळलं जाईल याची खात्री करा, नाहीतर अध्यक्ष 'पोरगा चांगला आहे' म्हणाले की सगळ्यांचे गुण तिकडेच झुकतात. माझा आवडता प्रश्न असा: 'पाचशेची एक नोट तुम्हाला खोटी वाटते. घेऊन आलेले गृहस्थ आपल्याच एका संचालकांचे व्याही आहेत. ते म्हणतात, परत द्या, मी जिथून आणली तिथे देतो. काय कराल?' नियम माहीत नसलेल्या उमेदवाराकडून नियमाची अपेक्षा नाही. तो 'मी मॅनेजरांना बोलावीन, तोपर्यंत नोट माझ्याकडेच ठेवीन' म्हणाला तरी पूर्ण गुण. 'संध्याकाळी टॅली करताना ५०० जास्त निघाले आणि कोणी आलं नाही, तर?' हाही ठेवा. आणि एक भूतकाळातला: 'लोकांचे पैसे किंवा हिशेब हाताळताना झालेली एक चूक सांगा, आणि ती कोणाला कशी सांगितली तेही.' गणपती मंडळाची वर्गणी, घरचं दुकान, भिशी, काहीही चालेल. 'माझी कधी चूक झालीच नाही' म्हणणाऱ्यावर मी खूण करून ठेवते.

मुलींना 'लग्न कधी करणार' हे विचारणं आजपासून बंद करा. भरतीत स्त्री म्हणून वेगळं वागवायला कायद्याची मनाई आहे. आणि अनुभव सांगायचा तर लग्न होऊन गेलेल्यांपेक्षा परीक्षा पास होऊन गेलेले मुलगे माझ्या फायलींत जास्त आहेत.

आता पहिला ढीग, तीन महिन्यांत गेलेले. यासाठी निवड यादीतल्या प्रत्येकाला नेमणूकपत्राच्या आधी एक दिवस शाखेत बसवा. कॅश केबिनच्या आत नाही, सुरक्षेच्या दृष्टीने ते चालणार नाही. पण समोरच्या टेबलाशी, जिथून रांग आणि खिडकी दोन्ही दिसतात. दिवसही निवडून घ्या, पेन्शनचा किंवा सोमवारचा. संध्याकाळी टॅली होईपर्यंत थांबवा. नंतर तुमच्या सर्वांत जुन्या कॅशियरने त्याच्याशी पंधरा मिनिटं बोलावं, मॅनेजरने नाही: पगार हातात किती येतो, सुट्टी कधी नाकारली जाते, कॅश कमी भरली तर काय होतं. काहीही गोड करून सांगायचं नाही. अमेरिकेत १९५६ साली विमा एजंटांवर आणि १९७३ साली टेलिफोन ऑपरेटरांवर अशा 'आधी खरं चित्र दाखवा' पद्धतीचे अभ्यास झाले, आणि ज्यांना आधी खरं सांगितलं ते जास्त टिकले. पुढच्या अभ्यासांत हा परिणाम माफकच निघाला आहे, जादू नाही. पण खर्च काय? एक दिवस आणि दोन चहा. एका पतसंस्थेत या दिवसानंतर सात जणांपैकी दोघांनी 'हे मला जमणार नाही' असं फोन करून कळवलं. सचिव माझ्यावर रागावले, 'तुम्ही पोरं पळवताय' म्हणाले. मी म्हटलं, ती पळणारच होती, फक्त तीन महिन्यांच्या पगारानंतर पळाली असती.

मानसशास्त्रीय चाचणीबद्दल थोडक्यात. व्यक्तिमत्त्वाच्या प्रश्नावल्या सरसकट टाकाऊ नाहीत. पण तुम्हाला जो दर कळवला आहे त्यात मिळणारी गोष्ट मला ठाऊक आहे: इंग्रजीतून केलेलं अवघड मराठी, आणि 'मी नेहमी प्रामाणिक असतो : पूर्ण सहमत / सहमत' असली विधानं. ज्याला नोकरी हवी आहे तो काय भरेल ते तुम्हीच सांगा. विकणाऱ्याला एकच विचारा: ही चाचणी भारतात, काउंटरवरच्या कामासाठी, किती माणसांवर तपासली आणि त्यातले वर्षानंतर किती टिकले, तो कागद दाखवा. दाखवला तर पुढे बोला.

पार्श्वभूमीची तपासणी मात्र सोडू नका. पोलीस पडताळणी, आधीच्या मालकाशी प्रत्यक्ष फोन (पत्रात सगळेच चांगले असतात), आणि उमेदवाराची लेखी संमती घेऊन कर्जाचा इतिहास. आयबीपीएसच्या जाहिरातीतही कर्जाचा इतिहास निकोप असावा अशी अट असते. पण कर्जफेडीचा स्कोअर कमी दिसला की नाव खोडू नका, विचारा. बापाच्या दवाखान्यासाठी घेतलेलं कर्ज थकणं वेगळं, आणि मोबाईलच्या ॲपवरून सात ठिकाणी उचललेलं वेगळं.

बाँड. कायद्याने चालतो का? मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षांच्या आत सोडल्यास २ लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. (ती बँक २०१९ मध्येच बँक ऑफ बडोदात विलीन झाली, खटला पुढे चालू राहिला.) पण ती सार्वजनिक क्षेत्रातली बँक, पद अधिकाऱ्याचं, देशभर जाहिरात देऊन केलेली खर्चिक भरती. न्यायालयाने या गोष्टींचा विचार केला आहे. तुमच्या कॅशियरच्या पगाराला ते माप तसंच लावता येईल असं मी धरून चालणार नाही, वकिलाला विचारा. मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवणं तर करूच नका. आणि व्यवहार म्हणून पाहा: जायचं ठरवलेला, मनाने निघून गेलेला माणूस तुम्ही बाँडच्या जोरावर कुठे बसवून ठेवताय? कॅश केबिनमध्ये, तिजोरीची एक किल्ली हातात देऊन. कर्ज विभागात असता तर मी कदाचित वेगळं बोलले असते.

राहिला तिसरा ढीग. १९८८ च्या मार्चमध्ये, वर्षअखेरीच्या गर्दीत, मी पन्नासच्या पॅकेटऐवजी शंभरचं पॅकेट दिलं. संध्याकाळी ५,००० कमी. माझे तेव्हाचे तीन पगार. रात्री नऊपर्यंत बसवून ठेवलं, सगळ्यांसमोर पर्स उपडी करायला लावली, आणि रक्कम पगारातून कापू असं सांगितलं. घ्यायला आलेले बाबा बाहेर बाकावर बसून हे ऐकत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी शाखा उघडायच्या आधी एका पेढीचे मुनीमजी पॅकेट घेऊन पायरीवर उभे होते. पैसे जमले, पण पर्सबद्दल कोणी एक शब्द बोललं नाही. त्या रात्री लिहिलेला राजीनामा मी वर्षभर जवळ ठेवला होता. घरची गरज नसती तर दिला असता, आणि फाईलमध्ये 'वैयक्तिक कारण' असंच लिहिलं असतं.

म्हणून तुमच्याकडे कॅश कमी भरली तर काय होतं, हे लेखी आहे का ते पाहा. किती रकमेपर्यंत कोण सोसणार, सीसीटीव्ही कोण आणि किती वेळात पाहणार, किती हप्त्यांत वसुली, तपासणी कोणासमोर. कॅश भत्ता देता का? दुपारी केबिन सोडून बाथरूमला जायचं तर काउंटर कोण सांभाळतं? काही शाखांमध्ये याचं उत्तर 'कोणीच नाही' असं असतं, आणि बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत. ज्या शाखेतून तीन माणसं एकामागून एक गेली, तिथे चौथा निवडण्याआधी ही केबिन जाऊन पाहून या.

जे काही कराल त्याचे गुण जपून ठेवा: जोड्यांच्या चाचणीचे, खोट्या काउंटरचे, मुलाखतीचे, वेगवेगळे. वर्षाने कोण राहिलं आणि कोणाचा काउंटर किती वेळा चुकला हे त्यांच्याशेजारी लिहा. चौदा माणसांवरून काही सिद्ध होत नाही, पण तीन भरत्या झाल्या की तुमच्या बँकेत कुठला गुण उपयोगी आणि कुठला नुसता शोभेचा, हे दिसायला लागतं. मला स्वतःला असं लिहून ठेवल्यावरच कळलं की माझ्या मुलाखतीतला 'पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता' हा प्रश्न अगदी निरुपयोगी होता. काढून टाकला.

शेवटचं जाहिरातीबद्दल. पुढच्या आठवड्यात देऊ नका. आयबीपीएसची क्लार्कची अंतिम यादी गेली काही वर्षं १ एप्रिलच्या सुमारास लागते आहे. त्याआधी माणसं घेतलीत तर त्यांची यादी तुमच्या नोकरीत असताना लागते. जाहिरात मेच्या पहिल्या आठवड्यात द्या. ज्यांना जायचं होतं ते तोपर्यंत परस्पर गेलेले असतील. राखीव म्हणजे प्रतीक्षा यादीतून पुढे एखादा उचलला जाईल, तेवढा धरून चाला. मधले महिने रिकामे काउंटर कसे चालवायचे हा प्रश्न उरतोच. दोन लहान शाखांमध्ये रोख व्यवहाराची वेळ तासभर कमी करता येते का ते पाहा, आणि निवृत्त झालेल्या एखाद्या कॅशियरला सहा महिन्यांसाठी विचारा. तेवढ्यात तुमचे नोटांचे कागदही कापून होतील.